सगळं माहीत असलेली पोरं

सकाळी सहा-साडेसहाला बडोद्याच्या कमाटीबागेत गेलात ना, तर जी गर्दी दिसते ती जवळजवळ सगळी पन्नाशीच्या पुढची असते. कुणाची शुगर निघालेली, कुणाला डॉक्टरांनी दम भरलेला, कुणाच्या छातीत मध्यंतरी कळ येऊन गेलेली, आणि मग ही सगळी मंडळी पांढरे शूज घालून न चुकता चालायला येतात, चालून झालं की बाहेर दुधीचा नाहीतर कारल्याचा ज्यूस घेतात आणि घरी जातात. त्यांना बघून मला बरंच वाटतं, उशिरा का होईना सुरुवात तर केली. पण बागेला अगदी लागून युनिव्हर्सिटी आहे, हजारो पोरं तिथे शिकतात, होस्टेलं भरलेली आहेत, आजूबाजूच्या फतेहगंज-प्रतापगंज-सयाजीगंजात घरोघरी पीजी आहेत, आणि त्या वेळेला बागेत त्यातलं एखाददुसरंच पोर दिसतं. बाकीची झोपलेली असतात, कारण झोपलीच मुळी तीन वाजता.

ह्यावर बरेच दिवस लिहायचं मनात होतं. लांब होईल, सांभाळून घ्या.

मी ह्याच युनिव्हर्सिटीत न्यूट्रिशन शिकले. तेव्हा सगळे त्या फॅकल्टीला होम सायन्स म्हणायचे, आता तिचं नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस झालंय. नंतर बरीच वर्षं हॉस्पिटलात डाएटिशियन होते, आणि आता प्रतापगंजातल्या घराचा वरचा मजला मुलींना पीजी म्हणून दिलाय. हॉस्पिटलात मला माणसं भेटायची ती आजार होऊन गेल्यावर, हातात रिपोर्टची फाइल घेऊन. इथे ती मला आजाराच्या वीस-वीस वर्षं आधी भेटतात, गच्चीत कपडे वाळत घालताना, जिन्यात फोनवर आईशी बोलताना, परीक्षेच्या दिवसांत रात्री एकला पाणी भरायला खाली येताना. हा फरक फार मोठा आहे. हॉस्पिटलात जे सांगून उपयोग होत नाही ते इथे अजून होऊ शकतं, म्हणून माझा जीव ह्यात इतका अडकतो.

आणि ह्या मुलींना काही माहीत नाही असं अजिबात समजू नका. नंदुरबारची एक आहे, तिला ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठल्या खाण्याने रक्तातली साखर किती भरभर वाढते, ते पाठ आहे. नाशिकची जी फाइन आर्ट्सला आहे तिच्या मनगटावर घड्याळ आहे, ते तिला पावलं, झोप, हृदयाचे ठोके सगळं सांगतं. राजकोटची गुजराती पोरगी मला गट हेल्थ, म्हणजे आतड्यांचं आरोग्य, समजावून सांगते आणि बरोबर सांगते, माझ्या वेळच्या पुस्तकात हे इतकं नव्हतं. इंटरमिटंट फास्टिंग, प्रोटीन, ओमेगा थ्री, रील्स बघून बघून सगळं तोंडपाठ. आणि ह्याच मुली सकाळी काही न खाता पळतात, बाराला कँटीनमध्ये कोल्ड कॉफी, चारला कुठेतरी सेव उसळ, संध्याकाळी डबा आला तर त्यातला भात आवडला तेवढा, आणि रात्री साडेअकराला पाणी तापवायच्या इलेक्ट्रिक किटलीत मॅगी. ती मॅगी मी जवळून बघितली आहे. किटलीत चमचा नीट फिरत नाही म्हणून नूडल्स आधी हाताने चुरायच्या, बटण पुन्हा पुन्हा बंद पडतं म्हणून बोटाने दाबून धरायचं, आणि दोघींनी झाकणात वाढून घेऊन पलंगावर बसून खायची. इतकी मेहनत करतात हो! इतक्या मेहनतीत मुगाची खिचडी झाली असती, पण खिचडीला कुकर लागतो, कुकरला गॅस लागतो, आणि गॅस पीजीत नसतो.

माझं म्हणणं सगळं इथेच आहे. कॉलेजातलं आरोग्य शिक्षण असं धरून चाललंय की पोरांना माहीत नाही, म्हणून सांगायला हवं. मग सेमिनार होतो. एसी हॉल, बॅनर, पाहुण्यांना बुके, दीड तासाचं पीपीटी, त्यात पालेभाज्या आणि फळं आणि रोज तीस मिनिटं चाला, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात समोसा, वेफर्स आणि कोल्ड्रिंकचा बॉक्स. असा एक बॉक्स आमच्याकडची एक मुलगी घरी घेऊन आली होती, मला खरंच वाईट वाटलं. बोलणाऱ्या बाईंनी मनापासून सांगितलं असणार, शंका नाही. पण एकोणीस वर्षांच्या पोराला माहितीची कमतरता नाहीये, त्याला जेवायची वेळ नाहीये, स्वयंपाकाची जागा नाहीये, खेळायला सोबत नाहीये. सवय लागते ती सोयीने आणि सोबतीने, आणि त्या दोन्ही गोष्टी सेमिनारमधून मिळत नाहीत.

कुणाला वाटेल पोरं आळशी आहेत, सोय करून दिली तरी करणार नाहीत. त्यांनी नवरात्रात बडोद्याला यावं. ह्याच मुली, ज्या एरवी रिक्षाशिवाय फतेहगंजला जात नाहीत, त्या नऊ रात्री घेरदार चणिया-चोळी घालून तास-तासभर न थांबता गरबा खेळतात, मध्ये पाणी पितात आणि परत गोलात शिरतात. दिवसा कॉलेजही करतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते, ह्या पोरी तेवढा दोन रात्रींत संपवतात. कुणी त्यांना व्यायामाचं महत्त्व सांगितलेलं नसतं. मैदान असतं, वेळ ठरलेली असते, संगीत असतं आणि मैत्रिणी खाली उभ्या राहून हाका मारत असतात. दसऱ्यानंतर ह्यातलं काहीच राहत नाही आणि पोरी परत खोलीत बसतात. अंगातली ताकद कुठे गेलेली नसते.

बडोद्याला तर हे नवीन नाहीच. आमचं मूळ घर दांडिया बाजारात, आणि तिथे जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, १८८० पासूनचं. उस्ताद जुम्मादादांचा आखाडा, पुढे त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी तो हिंदुस्थानभर गाजवला. एक मराठी माणूस मुसलमान उस्तादाकडे शिकतो, त्यांच्याच नावाने संस्था चालवतो, कवायतीच्या इंग्रजी ऑर्डर्सच्या जागी हिंदी ऑर्डर्स बसवतो आणि शेकडो पोरांना एका तालात व्यायाम करायला लावतो, हे आपल्या गावात घडलंय आणि आमच्या पीजीतल्या एकाही मुलीला माहीत नव्हतं. मल्लखांब, लाठी, लेझीम, जोर-बैठका. व्यायाम ज्ञानकोशाचे मराठीतले दहा खंडही बडोद्यातच निघाले, द. चिं. मजुमदारांनी संपादन केलेले, म्हणजे व्यायामाची माहितीसुद्धा इथे कमी नव्हती.

माझे आजोबा त्या आखाड्यात जायचे. ते काही पहिलवान वगैरे नव्हते, पुढे आयुष्यभर कारकुनी केली. पण ते आखाड्याबद्दल जे सांगायचे त्यात व्यायामाचे प्रकार कमी आणि माणसं जास्त असायची. संध्याकाळी अमुक वाजता जायचंच, कारण सगळे जायचे. शाळेतले, गल्लीतले, वाड्यातले. आणि एक दिवस दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी वडीलधारं विचारणार, काय रे, काल कुठे होतास? बास. इतकंच. आजच्या पोरांच्या मनगटावरचं घड्याळही विचारतं की आज पावलं कमी का झाली, पण त्याला उत्तर द्यावं लागत नाही, बोटाने बाजूला सारलं की संपलं. विचारणारं माणूस असलं की गोष्ट वेगळी होते.

सयाजीरावांचंही मला असंच वाटतं. १८७५ ते १९३९ इतका मोठा काळ त्यांनी राज्य केलं आणि त्यात भाषणं कमी केली असं नाही, पण स्वच्छ पाण्याचं महत्त्व सांगून ते थांबले नाहीत, आजव्याचं तळं बांधून १८९२ मध्ये शहरात नळाने पाणी आणलं, जे आजही शहराच्या एका भागाला येतं. शिक्षण चांगलं असतं म्हणून सोडून दिलं नाही, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं आणि मोफत केलं. आमच्या घरात महाराजांचा फोटो अजून आहे आणि बडोद्याच्या बहुतेक जुन्या मराठी घरांत असेल, पण फोटोला हार घालण्यापेक्षा त्यांची ही काम करायची पद्धत उचलली तर जास्त बरं.

आता जरा शरीराबद्दल, कारण पुष्कळ पालक मला म्हणतात, अहो मुलगी बारीक आहे, तिला कसली काळजी. हा आपल्याकडचा सगळ्यात घातक गैरसमज आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन, ह्या दोघांनी स्वतःचीच मापं २००४ साली लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे वजनकाट्याच्या हिशोबाने दोघेही फिट. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. आपलं भारतीय शरीर दिसायला बारीक असून आतून चरबी साठवणारं असतं, पोटाभोवती, लिव्हरभोवती, आणि म्हणून आपल्याकडे डायबिटीस गोऱ्या लोकांपेक्षा लवकर येतो आणि कमी वजनाला येतो. म्हणूनच आपल्याकडे २३ च्या वर बीएमआय गेला की जास्त वजन धरतात, तिकडच्यासारखं २५ नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या सर्व्हेचे आकडे आले, देशात डायबिटीसचे १० कोटींहून जास्त लोक आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून जास्त. उंबरठ्यावरची ही माणसं बऱ्याचदा आजारी वाटतच नाहीत. चालायला लागली, जेवणाची वेळ सांभाळली, कमरेचा घेर आटोक्यात ठेवला तर त्यातली बरीच परत फिरतात. कमरेचा घेर, पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत. घरात शिवणकामाची टेप असतेच, त्याला लॅब लागत नाही.

मुलींच्या बाबतीत मला त्याहून जास्त सतावतं ते हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अॅनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेल्या, निघाल्या आणि आपल्या गुजरातेत ६५ टक्के. तीनातल्या दोघी! आमच्याकडे एक मुलगी होती, अभ्यासात फार हुशार, ती व्हायव्हाच्या दिवशी लॅबबाहेर उभी असताना चक्कर येऊन खाली बसली. सगळ्यांना वाटलं टेन्शन. घरी आल्यावर मी तिच्या पापणीचा खालचा भाग ओढून बघितला, लाल दिसायला हवा तिथे कागदासारखा पांढरा. टेस्ट केली तर साडेआठ, हवं होतं निदान बारा. आणि वर्षभर ही मुलगी म्हणत होती, काकू मला अभ्यासात लक्षच लागत नाही, मी आळशी झालेय बहुतेक. तिच्या आईलाही तसंच वाटत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिने पूर्ण घेतल्या, आणि मी एकच गोष्ट बदलायला लावली, जेवणाबरोबरचा चहा. सकाळी थेपला आणि चहा, दुपारी डबा आणि चहा, असं तिचं चालायचं. चहातले टॅनिन अन्नातलं लोह अंगाला नीट लागू देत नाहीत, चहा तासाभराच्या अंतराने घ्यायचा आणि जेवणात लिंबू पिळायचं किंवा आवळा, पेरू खायचा, कारण सी व्हिटॅमिन असलं की तेच लोह जास्त शोषलं जातं. पुढच्या सेमिस्टरला ती जिने चढताना थांबेनाशी झाली. लक्षही लागायला लागलं. कितीतरी मुली आळशी, चिडकी, डल अशी लेबलं लावून घेऊन फिरत असतात आणि त्यांना फक्त रक्त कमी असतं, ह्याचा विचार केला की मला रात्री झोप लागत नाही.

आणि एक गोष्ट जी सेमिनारमध्ये कुणीच बोलत नाही. मुली कॉलेजात पाणी पीत नाहीत. मुद्दाम पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं आणि बाथरूम जाण्यासारखं नसतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एक बाटली पुरते, तीही अर्धी परत येते. हॉस्पिटलात असताना लघवीच्या इन्फेक्शनच्या किती कॉलेजच्या मुली बघितल्या, विचारलं की सगळ्यांचं उत्तर तेच. आता ह्या मुलींना रोज अडीच लिटर पाणी प्या असं पोस्टर लावून काय होणार? कडी लागणारं दार, नळाला पाणी, झाकणाचा डबा आणि दिवसातून दोनदा साफसफाई, हेच तिथलं आरोग्य शिक्षण आहे.

झोपेचं तर विचारूच नका. पोरं रात्री जागतात त्याला थोडं शरीरही कारण आहे, ह्या वयात झोपेची वेळ नैसर्गिकच उशिरा सरकलेली असते, त्यामुळे दहाला झोप नाहीतर बघ असा दम देऊन उपयोग नाही. पण त्यावर कॉफी आणि फोन. कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊला जागायला म्हणून घेतलेली कॉफी दोन वाजताही निम्मी अंगात असते, मग झोप लागत नाही, मग सकाळी डोकं जड, मग परत कॉफी. आणि रात्रभर जागून जे वाचलं ते पक्कं व्हायला झोपच लागते, दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत लावून ठेवतो. सात तास झोप हा मार्कांचाच भाग आहे असं मी मुलींना सांगते, आरोग्य म्हटलं तर कुणी ऐकत नाही, मार्क म्हटलं की कान टवकारतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. वीस वर्षांच्या माणसाला साठीतल्या हार्ट अटॅकची भीती घालून काय होणार, त्याला उद्याच्या पेपरचं सांगा.

मुलांचं जग मला तितकं जवळून दिसत नाही पण माझा भाचा इथे इंजिनिअरिंगला आहे, त्याचे मित्र येतात जातात, आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या खिशात मावा असतो. बाहेरगावच्यांना सांगते, कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, पानाच्या गल्ल्यावर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतात, आणि मग तो प्लास्टिकचा गोळा तळहातावर पाच-पाच मिनिटं चोळत बसायचं. हातात सतत ते चोळणं चालू, बोलतानाही. गुजरातेत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, कॉलेजपासून १०० यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही असा २००३ चा कायदा आहे, पण मावा समोर ताजा बनवून मिळतो. आणि पोरांना वाटतं तंबाखू वाईट, नुसती सुपारी चालते. नुसती सुपारीही चालत नाही, तीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने केव्हाच जाहीर केलंय, आणि त्याच्या आधी ती गालाची आतली कातडी कडक करते, तोंड उघडायचं कमी कमी होत जातं. मी त्या पोरांना एवढंच म्हटलं, आपली तीन बोटं एकावर एक उभी करून तोंडात घालून बघा. दोघांची गेली. एकाची गेली नाहीत. हसणं थांबलं. तो पोरगा बावीस वर्षांचा. त्याच आठवड्यात भाचा त्याला डेंटिस्टकडे घेऊन गेला, सोबत गेला म्हणून तो गेला, एकटा गेला नसता हे तो स्वतःच म्हणाला. सोडायचं ठरवलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, खिशात मावा ऐवजी बडीशेप आणि सिंग-चणा, म्हणजे शेंगदाणे-फुटाणे. अधूनमधून घसरतो अजून. पण चार जण विचारणारे आहेत.

सिंग-चण्यावरून आठवलं, हीच मुलं जिमला जातात आणि तीन-तीन हजारांचे पावडरचे डबे आणतात. जिमला जाताय हे उत्तमच, पण हैदराबादच्या आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम प्रोटीनचा आहे, साठ किलोच्या मुलाला दिवसाला पन्नास ग्रॅम. जोर लावून व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त. दोन वेळची डाळ, वाटीभर दही, मूठभर सिंग-चणा, उसळ, अंडं खात असाल तर अंडं, इतक्यात बरंचसं निघतं. आणि सेव उसळीबद्दल मी वाईट बोलणार नाही, बडोद्यात राहून ते होणारही नाही. आतला वाटाणा चांगलाच आहे, वरची तरी आणि सेव जरा हात आखडून घ्या आणि पाव एक कमी करा, झालं. आपल्याकडचं खाणं मुळात वाईट नाहीये. थंडीत पोंक, म्हणजे हुरडा, येतो, उंधियूला पापडी-सुरण-रताळी येतात, बाजरीचा रोटला आहे, खंडेराव मार्केटात आवळे-पेरू ढिगाने असतात, घरोघरी डाळ-तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा हांडवो आहे, आपल्या मराठी घरात थालीपीठ आणि मेतकूट-भात. हे सगळं सोडून पोरं मैद्यावर जगतात कारण रात्री अकराला जवळ फक्त मैदाच मिळतो.

मनाचं आरोग्य मी शेवटी घेतेय, कमी महत्त्वाचं म्हणून नाही. पहिल्या वर्षाच्या मुली आल्या की ऑगस्टपर्यंत एखादी तरी असतेच जी जेवायला खाली येत नाही, अंधार करून पडून राहते, फोनवर आईला सगळं मस्त चाललंय म्हणते. तिला मेडिटेशनचं अॅप द्यायचं नसतं. दार वाजवायचं असतं. आणि दार वाजवूनही भागत नाही असं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा, नंबर आहे, सरकारचा, फुकट, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. तो आमच्या जिन्यात, फ्रिजवर आणि बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलाय, कारण रडायला मुली तिथेच जातात.

मध्यंतरी मी वरच्या मजल्यावर एक ओटा घालून घेतला. गॅस, दोन कुकर, एक तवा, मिक्सर, छोटा फ्रिज. ह्यांना वाटत होतं पोरी घर जाळतील. पहिले काही दिवस नुसती मॅगीच शिजली त्यावर, किटलीऐवजी पातेल्यात. मग नंदुरबारवालीने आईला व्हिडिओ कॉल लावून मुगाची खिचडी टाकली आणि वास खालपर्यंत आला. मग राजकोटवाली म्हणाली मी वघार, म्हणजे फोडणी, करते. आता त्यांचं आपसात ठरलंय, एकजण भाजी आणते, एकजण चिरते, एकजण कणीक मळते, जिला काहीच येत नाही ती भांडी घासते. रोज होतं असं नाही, परीक्षेत बंद पडतं, कधी भांडणं होतात की माझं दही कुणी खाल्लं. आमच्याकडे अंडं चालतं, हे मी खोली दाखवतानाच सांगते आणि अंड्याचा तवा वेगळा ठेवलाय, त्यावरून कुणाचं काही अडलं नाही. मी त्यांना काय खा हे सांगणं जवळजवळ बंद केलंय, विचारलं तर सांगते. रात्रीचं जेवण आता बऱ्याचदा नऊच्या आत होतं, आणि जेवल्यावर चौघी मिळून फतेहगंजच्या चौकापर्यंत चालत जातात, गप्पा मारायला म्हणून. घड्याळवालीची पावलं आपोआप होतात.

युनिव्हर्सिटीसारख्या मोठ्या जागांनी काय करावं हे सांगणारी मी कोण, पण मनात आहे ते लिहिते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, कॅम्पसमध्ये जंक फूड नको असं २०१६ मध्ये सांगितलं, २०१८ मध्ये परत सांगितलं. नुसतं बंद करून पोरं गेटबाहेर जातात. बंद करण्याआधी कँटीनमध्ये एक साधी थाळी परवडेल अशा भावात मिळू दे, पोळी, डाळ, भाजी, ताक. टाइमटेबलात दुपारी एक मोकळा तास सगळ्या वर्गांना एकाच वेळी असू दे, म्हणजे मैत्रिणी एकत्र जेवतील. ग्राउंडवर रात्री नऊपर्यंत लाइट आणि मुलींसाठी सिक्युरिटी. अॅडमिशनच्या वेळी जसा फोटो आणि मार्कशीट मागता तसं हिमोग्लोबिन तपासा, आणि दर वर्षी तपासा. पीटीच्या सरांनी हजेरीसाठी नाही, काल कुठे होतास म्हणून विचारावं. आणि बाथरूम. बाथरूम सगळ्यात आधी.

पण युनिव्हर्सिटीला वेळ लागेल, तिथे कमिट्या असतात. आपल्याला कमिटी लागत नाही. प्रतापगंज, फतेहगंज, कारेलीबाग, तिकडे वाघोडिया रोडला कितीतरी मराठी घरांनी वरच्या खोल्या मुलामुलींना दिल्यात, भाडं घेतो, लाइट बिल वेगळं घेतो, रात्री दहाचा नियम लावतो. त्यात एक ओटा द्या. जागा नसेल तर गच्चीच्या कोपऱ्यात पत्रा टाकून द्या, सिलेंडरचे पैसे सगळ्यांत वाटून घ्या, भाडं हवं तर दोनशेने वाढवा, पोरं देतील, बाहेर त्याहून जास्त उडवतात. अंड्याचं काय करायचं ते तुमच्या घरात बोलून ठरवा. आणि रात्री कुणी जेवलं नाही असं कळलं तर सकाळी जिन्यात गाठून विचारा.